जिन्यातले मुक्काम

लिफ्टमिस्त्रीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांची देखभाल करून हा गृहस्थ संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवायचा आणि स्वतःच्या घराचा जिना पायांनी चढायचा. शेजारीपाजारी अशी संधी सोडतात होय? "काय मिस्त्री, आज तुमची बंद वाटतं?" हा विनोद त्यानं इतक्यांदा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच तो हसून मोकळा व्हायचा.

पुढे यथावकाश त्या इमारतीला लिफ्ट बसली. मिस्त्री निवृत्त झाला, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. तरी अजूनही कधीकधी, हातात भाजीची पिशवी असतानासुद्धा, तो लिफ्टकडे पाठ फिरवून जिन्याला लागतो. बायको म्हणते, "सगळा जन्म लिफ्टमध्ये काढला, आणि आता म्हातारपणी हे जिन्याचं वेड!" वेड नाही ते. त्या जिन्यात त्याची मुलगी अजून लहान आहे. लिफ्टमध्ये ती कुठेच नाही.

मुलीला सगळे गोगी म्हणत. हे नाव आत्यानं, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. ही आत्या बसमध्ये कंडक्टर होती. भावाबहिणीनं शहराची वाहतूक आपसात वाटून घेतली होती म्हणा ना, आडवी तिच्याकडे आणि उभी त्याच्याकडे. पोर उशिरा रांगली, उशिरा चालली, आणि चालली तीही दोन पावलं टाकून तिसऱ्याला बसणारी. आत्या म्हणाली, "गोगलगाय नि पोटात पाय! दिसते गरीब, पण बघा, सगळ्या घराला आपल्या चालीनं चालवते की नाही." गोगलगाईची गोगी झाली आणि तेच नाव चिकटलं.

गोगीच्या हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक होतं. डॉक्टरीणबाईंनी ते ती तान्ही असतानाच सांगितलं होतं. बाई शांत, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "वजन वाढू दे, अंगात थोडी ताकद येऊ दे, मग ऑपरेशन करू. तोवर फार दमवू नका. आणि हो, घाबरवूही नका."

गोगीची आई बेकरीत केकवर नक्षी काढायचं काम करायची. हात असा स्थिर की साखरेच्या पाकळीला वारा लागावा नि तिच्या बोटाला लागू नये. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं आधी रडून घेतलं. पण बाई खमकी. डोळे पुसले आणि फर्मान काढलं, "आजारी हा शब्द या घरात कोणी काढायचा नाही. जिला रोज आजारी म्हणाल ती रोज आजारी राहील." मिस्त्रीनं मान डोलावली. आत्यानं डोलावली नाही, पण शब्द पाळला, आणि आत्यासारखीनं एखादा शब्द न बोलता राहणं म्हणजे काय हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

आता प्रश्न आला जिन्याचा. लहान होती तोवर मिस्त्री तिला कडेवर घेऊन चढायचा. मग एके दिवशी खालीच तिनं पाय झाडले. "मी. मी चालणार." चालली. पहिल्या वळणाशी पोचेपर्यंत नाकपुड्या फुलल्या, छातीचा भाता वरखाली व्हायला लागला, पण थांबायचं नाव नाही. हट्टाच्या बाबतीत बापाची सही सही नक्कल. उचलावं तर किंचाळणार, थांब म्हणावं तर का म्हणून विचारणार, आणि त्या 'का'ला उत्तर द्यायची घरात बंदी. मिस्त्रीला घाम फुटला. आणि मग, काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं खांद्यावरची पिशवी धप्पकन खाली टाकली, पायरीवर फतकल मारली आणि म्हणाला, "मी दमलो बुवा. जरा बसू दे मला."

गोगी थांबली. वर बघितलं, बापाकडे बघितलं, आणि मागे येऊन त्याच्या शेजारी बसली. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. दमल्याचं सोंग तर त्याला इतकं छान जमलं की पुढची चार-साडेचार वर्षं त्याचा प्रयोग रोज झाला, काही दिवशी दोनदा. प्रत्येक वळणावर एक मुक्काम. छातीवर हात, हाश्शहुश्श, कपाळ पुसणं, "अगं थांब गं, म्हाताऱ्या बापाला मागे टाकतेस होय?" तेव्हा तो चाळिशीच्या अल्याडच होता आणि डोक्यावर तेल लावायला भरपूर केस होते.

पहिला मुक्काम खिडकीशी. तिथून शेजारच्या इमारतीची गच्ची दिसायची, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. आज कोणाकडे पाहुणे आलेत हे गोगी चादरींवरून सांगायची. दुसरा मुक्काम एका बंद दारासमोर. आत कोणीतरी बासरी शिकत होतं आणि एका ओळीपाशी हमखास अडखळत होतं. ती ओळ जवळ आली की दोघं एकमेकांचा हात घट्ट धरायचे, आणि बासरी अडखळली की तोंड दाबून हसायचे. तिसऱ्या मुक्कामाला कोणीतरी टाकून दिलेलं दार नसलेलं कपाट होतं. त्यात गोगी बसायची आणि मिस्त्रीनं बाहेरून बटण दाबल्यासारखं करायचं. "कितवा मजला, बाईसाहेब?" "शंभरावा!" शंभराव्या मजल्यावर काय काय असायचं ते लिहायचं तर वेगळं पुस्तक लागेल.

या मुक्कामांत गोगीनं आपणहून एक काम अंगावर घेतलं होतं. बाप बसला की ती त्याची पाठ चोळून द्यायची. एवढासा तळहात, पण चोळायची मन लावून, खालून वर आणि वरून खाली. फ्रॉकच्या टोकानं त्याच्या कपाळाचा नसलेला घाम टिपायची. "आता बरं वाटतंय?" असं विचारून तो हो म्हणाला की मगच उठायची. मिस्त्रीला वाटायचं, पोरीला खेळ आवडला. तो खुशाल पाठ पुढे करायचा. इतकं सुख त्याच्या पाठीला त्याआधी कधी मिळालं नव्हतं आणि त्यानंतरही मिळालं नाही.

आणि तिथेच, पायऱ्यांवर बसून, तो तिला कामाच्या गोष्टी सांगायचा. लिफ्टचा दोर कसा असतो, डबा वर चढताना मागचं वजन कसं खाली येतं, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं. "आधी त्यांना सांगायचं की मी आलोय. बाकीचं नंतर." मोठ्या इमारतीत शेजारीशेजारी दोन लिफ्ट असतात, त्यांचा एक नियम त्यानं तिला सांगितला होता. दोन्ही कितीही कुरकुरत असल्या तरी दोन्ही एकदम बंद करायच्या नाहीत. एक दुरुस्तीला घ्यायची, दुसरी चालू ठेवायची. आणि चालू आहे तिच्यावर तेवढे दिवस जास्त भार टाकायचा नाही, तिला जपून वापरायचं. गोगीनं हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं होतं.

वजन वाढलं, ऑपरेशनचा दिवस ठरला. आता काहीतरी सांगणं भागच होतं. आई केकवर फुलं काढू शकत होती, पण हे तिच्यानं होईना. म्हणून पुन्हा जिना, पुन्हा पहिला मुक्काम, आणि मिस्त्री म्हणाला, "गोगे, तुझ्या छातीत आत एक छोटंसं भोक आहे. डॉक्टरीणबाई ते शिवणार. तू झोपलेली असशील. लिफ्ट कशी थोडा वेळ बंद ठेवतात, आत माणूस जातो, दुरुस्त करतो, मग पुन्हा चालू. तसं."

गोगीनं बराच विचार केला. "म्हणून दमायला होतं?"

"हो. म्हणूनच दमायला होतं."

तिनं त्याच्या छातीकडे बघितलं. मग स्वतःच्या. "आधी माझी दुरुस्ती?"

पोर घाबरली नाही याच आनंदात मिस्त्री होता. तो हसून म्हणाला, "अर्थात! आधी तुझी."

रुग्णालयात आत्या चार दिवस आधीच दाखल झाल्यासारखी वावरत होती. तिनं रजा घेतली होती, डबे आणले होते, आणि प्रतीक्षेच्या खोलीतल्या लोकांना सवयीनं "पुढे सरका, जागा आहे" म्हणून बाकांवर नीट बसवलं होतं. सकाळी गोगीला ढकलगाडीवर घालून नेलं. ती आईला म्हणाली, "रडू नको, शिवणारच आहेत नुसतं." बापाचा हात मात्र तिनं लिफ्टच्या दारापर्यंत धरून ठेवला. म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत जिना चढू नकोस हं." मिस्त्री म्हणाला, "नाही चढणार."

दारं मिटली. आयुष्यभर लिफ्टच्या दारामागे काय आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याला त्या सकाळी त्या दारामागचं काहीच ठाऊक नव्हतं. तो बाकावर बसेना, चहा घेईना, नुसता त्या दाराकडे बघत उभा राहिला. आत्या दोनदा ओढायला आली. तिसऱ्यांदा आली ती ओढायला नाही, शेजारी उभं राहायला. आई खुर्चीत बसून बोटांनी मांडीवर पाकळ्या काढत होती, एक झाली की दुसरी. जीव टांगणीला लागणं हा शब्द मिस्त्रीनं रोजच्या कामात थट्टेनं हजारदा वापरला असेल. तो शब्द थट्टेचा नाही हे त्याला त्या दिवशी समजलं.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई आल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "छान झालं. भोक बंद झालंय." आत्या मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांचा न बोललेला शब्द एकदम बाहेर आला बहुतेक.

मग बरं होण्याचे दिवस. छातीवर मधोमध उभी शिवण. काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक बुडाखाली, असं परिचारिकेनं शिकवलं. मिस्त्रीनं ते उशीवर घटवलं. आईनं शिवणीला 'वेल' म्हणायला सुरुवात केली आणि रोज अंघोळीच्या वेळी वेलाला किती पानं फुटली ते दोघी बघायच्या. आत्या ड्युटीवरून सुटली की येऊन तिकिटं फाडायची. औषध घेतलं की एक तिकीट, पालेभाजी खाल्ली की दोन. घरात पुन्हा हसण्याचे आवाज यायला लागले. मिस्त्रीला ते दिवस आठवले की आजही औषधाचा वास गोड वाटतो.

ठरल्या दिवशी तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "आता मोकळं सोडा. खेळू दे, पळू दे, जिने चढू दे. दमली तर दमू दे. दमल्याशिवाय ताकद येत नाही."

आणि इथेच गाडी अडली.

त्याच संध्याकाळी मिस्त्री तिला फिरवून आणताना जिन्यापाशी उभा राहिला. केवढी स्वप्नं बघितली होती त्यानं या क्षणाची! म्हणाला, "चल गोगे, आज एका दमात!" गोगी पहिल्या वळणापर्यंत चढली, खिडकीशी थांबली आणि बसली. म्हणाली, "मी दमले बुवा. जरा बसू या."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. पण पहिलाच दिवस, होतं असं, म्हणून तो बसला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. प्रत्येक वळणाला ती बसायची, "मी दमले" म्हणायची, आणि सवयीनं बापाची पाठही चोळायची. नाकपुड्या फुललेल्या नसायच्या, पण भीतीला असलं काही दिसत नाही. बागेत घेऊन गेलं तर इतर पोरं घसरगुंडीवर आणि ही बाकावर, बापाला चिकटून.

बाईंनी पुन्हा तपासलं. टाके ठीक, ठोके ठीक. त्या पहिल्यांदाच जरा गोंधळलेल्या दिसल्या. "तपासणीत काही दिसत नाही. पण इतकी दमत असेल तर पुढच्या महिन्यात दाखल करून नीट बघू. कुठे बारीकसं राहिलं असेल तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आईनं केलं, घरी आल्यावर, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून. "तर पुन्हा छाती उघडायची." मीटरच्या काट्यावर सगळं बरोबर दाखवतंय आणि लिफ्ट मजला चढत नाहीये, अशी केस मिस्त्रीच्या हाती कधीमधी यायची. अशा वेळी दोष असतोच, फक्त आपल्याला सापडलेला नसतो, हे त्याला माहीत होतं. त्यामुळे तर त्याचं काळीज आणखीच खचलं.

याच दिवसांत एकदा त्याचं काम लांबलं म्हणून आत्या गोगीला बागेत घेऊन गेली. रात्री जेवताना सांगायला लागली, "दमते कसली? जिन्यात माझ्या पुढे पळाली! मीच मेली मागे लोंबकळत राहिले."

आईनं आशेनं नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्रीनं मान हलवली. आत्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हा घरातला जुना नियम. तिच्या बसमध्ये रोज कोणी ना कोणी बाळंत होता होता राहायची. "ताई, तुझी चाल आता कमी झाली असेल," तो म्हणाला. आत्या रागावली आणि तिनं भात परत घेतला नाही.

पण शंका एकदा डोक्यात शिरली की निघत नाही. पुढच्या खेपेला आत्या तिला बागेत घेऊन गेली तेव्हा त्यानं काम लवकर आटपलं, घरी आला आणि वर न जाता तिसऱ्या मुक्कामाला, त्या कपाटाच्या आडोशाला उभा राहिला. उन्हं कलली होती. खालून आत्याचा आवाज आला, "अगं, हळू! अगं, पुढच्या स्टॉपवर थांब!" आणि मागोमाग चपलांचे आवाज. चटचट, चटचट. न थांबणारे. वळण गेलं, खिडकी गेली, बासरीवाल्यांचं दार गेलं. गोगी वर येत होती, दोन पायऱ्यांवर एक उडी मारत, गाल लाल, केस तोंडावर. अशी ती त्यानं जन्मात कधी बघितली नव्हती. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तो नकळत पुढे झाला.

त्याला बघताच गोगी जागच्या जागी थबकली. क्षणभर चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. आणि मग ती खाली बसली, शेजारच्या पायरीवर हात थोपटत म्हणाली, "मी दमले बुवा. ये, बस."

मिस्त्री बसला. "गोगे, तू धावत होतीस."

"नव्हते."

"मी बघितलं."

गोगीनं मान खाली घातली. "तू नव्हतास ना म्हणून. तू असलास की मी नाही धावत."

"का गं?"

"तू दमतोस ना." हे इतकं उघड आहे आणि बापाला समजू नये, याचंच तिला नवल वाटलं. "माझं शिवून झालं. तुझं अजून व्हायचंय. तूच म्हणालास, आधी तुझी. मग दुसरीला जपून वापरायचं, भार नाही टाकायचा. तुझं झालं ना, की आपण दोघं धावू या."

मिस्त्रीनं विचारलं, "मग 'मी दमले' असं का म्हणायचीस?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," गोगी म्हणाली आणि त्याची पाठ चोळायला लागली.

एवढ्यात आत्या धापा टाकत येऊन पोचली होती आणि दोन पायऱ्या खाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गोगे," मिस्त्री म्हणाला, "माझ्या छातीत भोकबीक काही नाही. मी ठणठणीत आहे."

गोगीनं समजूतदारपणे मान डोलावली. विश्वास ठेवला नाही हे स्पष्ट दिसत होतं. बरोबरच आहे. ज्या घरात खऱ्या आजाऱ्यालाच कधी कोणी आजारी म्हटलं नाही, त्या घरात 'मी ठणठणीत आहे' या वाक्याला काय किंमत?

मिस्त्री उठला. हत्यारांची पिशवी आत्याच्या हातात दिली. "इथेच थांब," गोगीला म्हणाला, आणि तडातडा जिना उतरून पार तळाशी गेला. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि धावत सुटला.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्याला बासरीवाल्यांचं दार दिसलं तेव्हा कुशीत कळ आली. इतकी वर्षं याच पायऱ्यांवर रोज सोंग वठवलं, आणि खरं दमणं कसं असतं ते त्याला आज कळत होतं. खऱ्या दमण्यात हाश्श नाही, हुश्श नाही. तोंडातून आवाजच फुटत नाही. पोट पुढे, आपण मागे. "अरे, गुडघे सांभाळ!" आत्या ओरडली. मिस्त्रीनं दात आवळले, तिसरं वळण घेतलं, त्या दोघींना ओलांडलं आणि आपल्या दारावर जाऊन हात आपटला.

गोगी मागोमाग पोचली. ती बारकाईनं त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता आली पंचाईत. दमलेला नसताना दमल्याचं दाखवणारा हा माणूस, आज फासळ्या फुटायला आल्या असताना न दमल्याचं दाखवत उभा होता. तोंड घट्ट मिटून, नाकानं श्वास घेत, चेहऱ्यावर हसू. घामाच्या धारा लागल्या होत्या, त्याला इलाज नव्हता.

"खाली वाक," गोगी म्हणाली. त्याच्या छातीला कान लावला. "खूप जोरात वाजतंय."

"चालू आहे म्हणून वाजतंय."

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

तिनं कान तसाच ठेवला, बराच वेळ. मिस्त्री वाकलेला, कुशीत कळ, पण हलला नाही. हळूहळू ठोके जागेवर आले. तिलाही ते ऐकू आले असणार, कारण तिनं डोकं वर काढलं. "मग तू रोज दमायचास ते?"

"नाटक करायचो."

"रोज?"

"रोज. तू बसावंस म्हणून."

"मी पाठ चोळायचे तेव्हापण?"

"तेव्हापण."

आता ही रडणार, किंवा रागावणार, असं त्याला वाटलं. फसवलं होतं त्यानं तिला, तिच्या आयुष्यातला प्रत्येक दिवस. पण गोगीच्या डोक्यात तसलं काही नव्हतं. ती जिन्याकडे बघत होती.

"मग मी जाऊ?"

"कुठे?"

"खाली. आणि परत वर. आणि परत खाली."

याच शब्दांसाठी त्यानं चार वर्षं जीव मुठीत धरला होता. आणि आता ते आले तर त्याच्या मनात काय यावं? थोडं बस की माझ्याजवळ, असं आलं. एकदाच, शेवटचं. ते त्यानं गिळलं.

"जा," तो म्हणाला.

गोगी सुटली. आत्या भिंतीला चिकटली, "अगं अगं, आधी उतारूंना उतरू दे!" चपला चटचटत खाली गेल्या. तळाशी बेकरीतून परतणारी आई भेटली असावी, कारण तिची घाबरी हाक ऐकू आली, "हळू गं, हळू!" आणि मग त्याच आवाजात, पण रडत आणि हसत, "नाही नाही! पळ! पळ, माझे बाई!"

मिस्त्री वरच्या पायरीवर टेकला. आता खरोखरच दमला होता, अगदी पाठ चोळून घेण्याइतका. सवयीनं तो भिंतीकडे सरकून बसला होता, शेजारी तिच्यापुरती जागा सोडून. खालून पावलं वर यायला लागली, वळणं न मोजता, कुठेही न थांबता. गोगी आली, त्या मोकळ्या जागेतून उडी मारून वर गेली, दाराला हात लावला, आणि तशीच वळून त्याच जागेतून पुन्हा खाली पळाली. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.